घरचा राउटर, सगळ्यांचं नेट आणि एकच प्रिंटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात गेली बारा वर्षं मी घरोघरी आणि लहान दुकानांतून राउटर, केबल, प्रिंटर जोडून देतो. फोनवर रोज येणारे तेच ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माझा अनुभव असा, की नेटच्या बऱ्याचशा तक्रारी राउटरची जागा बदलली की मिटतात आणि प्रिंटरच्या बऱ्याचशा तक्रारी त्याला एक कायमचा पत्ता दिला की. यातलं काहीही करायला इंजिनिअर असावं लागत नाही. घरातलं नेट घरातल्यांना कळलं पाहिजे, प्रत्येक वेळी कुणाची तरी वाट बघत बसायची पाळी येऊ नये, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

फायबरवाल्याने लावून दिलेला बॉक्स म्हणजेच राउटर का? की वेगळा घ्यावा लागतो?

हल्ली बहुतेक ठिकाणी तोच राउटर. भिंतीतून आत येणारी बारीक वायर काचेच्या तंतूची असते आणि तिच्यातून प्रकाश येतो. त्या प्रकाशाचं आपल्या लॅपटॉपला कळेल अशा सिग्नलमध्ये रूपांतर करणाऱ्या यंत्राला ओएनटी म्हणतात. आता मिळणाऱ्या बहुतेक ओएनटीमध्ये राउटर आणि वायफाय आतच बसवलेलं असतं. वन किंवा टू बीएचके फ्लॅटला तेवढा एक पुरतो. आधी तोच नीट लावून बघा, नवा घ्यायला दुकानात नंतरही जाता येतं.

त्याच्यावरचे दोन दिवे मात्र आजच ओळखून ठेवा. ‘पॉन’ लिहिलेला हिरवा दिवा न लुकलुकता लागलेला हवा. ‘लॉस’ लिहिलेला दिवा लाल झाला तर प्रकाशच पोचत नाहीये, म्हणजे वायर कुठेतरी तुटली, दबली किंवा टोकातून निसटली. तेव्हा बॉक्स दहा वेळा बंद-चालू करून काही होत नाही. ऑपरेटरला फोन करा आणि ‘नेट नाहीये’ म्हणण्याऐवजी ‘लॉसचा लाल दिवा लागलाय’ असं सांगा, म्हणजे तो जोडणीचं यंत्र सोबत घेऊनच येतो. ही वायर काटकोनात दुमडू नका, खिळ्याखाली दाबू नका, आणि काढलेल्या टोकाला डोळा लावून बघू नका. त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण तो असतो.

राउटर घरात कुठे ठेवावा?

वायर जिथून आत आली तिथेच, दाराच्या कोपऱ्यात किंवा टीव्हीच्या मागे राउटर टांगायचा, ही आपल्याकडची रीत पडली आहे, कारण लावायला आलेल्या मुलाला पुढच्या घरी जायचं असतं. पण राउटरचा सिग्नल चारी बाजूंना पसरतो. तो कोपऱ्यात ठेवला तर अर्धं नेट जिन्यात आणि शेजाऱ्यांच्या हॉलमध्ये जातं. राउटर घराच्या मध्यावर, छातीपासून डोक्याच्या उंचीपर्यंत, उघड्यावर हवा. लोखंडी कपाट, फ्रीज, आरसा, पाण्याचं पिंप, माशांची टाकी हे सगळे सिग्नल अडवतात. लाकडी शोकेसमध्ये तो तापतोही.

जुन्या पेठेतल्या एका घरातलं उदाहरण सांगतो. भिंती दगडाच्या, दोन हात जाड. राउटर स्वयंपाकघरात फ्रीजवर, आणि मुलगी बारावीचे ऑनलाइन क्लास सोप्यात बसून करायची. दर दहा मिनिटांनी शिकवणाऱ्या सरांचा चेहरा गोठायचा. घरच्यांनी दोनदा प्लॅन वाढवला होता. मी दहा मीटरची फायबर पॅच कॉर्ड आणली, राउटर सोपा आणि माजघर यांच्यामधल्या दारावर चौकटीच्या वर लावला. मोबाइलवर मोजलं तर सोप्यातला सिग्नल उणे ८२ (डीबीएम; शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं) होता तो उणे ५८ वर आला. प्लॅन त्यांनी पुढच्या महिन्यात परत खाली आणला.

हे आकडे वायफाय ॲनलायझर प्रकारच्या कुठल्याही फुकट ॲपमध्ये दिसतात. उणे ५० ते उणे ६५ उत्तम. उणे ७५ च्या पलीकडे गेलं की व्हिडिओ अडखळायला लागतो. भोक पाडण्याआधी राउटर स्टुलावर ठेवून घरभर हिंडून हे आकडे बघा.

एकाच राउटरची दोन नावं दिसतात, एकाच्या शेवटी ५जी आहे. कुठलं वापरू?

त्या ५जीचा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी संबंध नाही. राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो: २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिली भिंतीतून लांबवर जाते, पण हळू असते आणि फ्लॅटमध्ये शेजाऱ्यापाजाऱ्यांची गर्दीही तिच्यावरच. दुसरी वेगवान, पण दोन भिंती ओलांडल्या की दमते. राउटरच्याच खोलीत बसलात तर ५, लांब असाल तर २.४. घरगुती प्रिंटर, स्मार्ट प्लग आणि स्वस्त कॅमेरे बहुतेक वेळा फक्त २.४ वरच चालतात. प्रिंटर घेताना ही गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही.

सोसायटीत २.४ फारच रखडत असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेल ‘ऑटो’वरून काढून १, ६ किंवा ११ यांपैकी जे सगळ्यात मोकळं दिसेल ते द्या. हे तीनच निवडायचे, कारण फक्त हेच एकमेकांवर चढत नाहीत.

राउटरच्या सेटिंगमध्ये जायचं कसं, आणि आधी काय बदलायचं?

राउटर उलटा करा. मागच्या स्टिकरवर एक पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. त्या वायफायला जोडलेल्या मोबाइलच्या किंवा लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये, जिथे वेबसाइटचं नाव टाकतो तिथे, तो पत्ता इंग्रजी आकड्यांत टाका. मग युजरनेम आणि पासवर्ड मागेल, तोही स्टिकरवर असतो. स्टिकरचा फोटो आत्ताच काढून ठेवा. दोन-तीन उन्हाळ्यांत त्याची शाई उडते.

इथे लोकांचा एक घोळ नेहमी होतो. पासवर्ड दोन असतात. एक वायफायचा, जो पाहुण्यांना सांगतो. दुसरा राउटरच्या सेटिंगचा, जो कुणालाच सांगायचा नाही. पहिला सगळे बदलतात, दुसरा ‘ॲडमिन, ॲडमिन’ तसाच राहतो. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते, ते नेमके कंपनीतून आलेले असेच पासवर्ड एकामागून एक टाकून बघून. तेव्हा दोन्ही बदला आणि घरातल्या वहीत लिहून ठेवा. हो, कागदावर. घरात येऊन वही चोरणारा चोर तुमच्या राउटरसाठी येत नाही, आणि विसरलेल्या पासवर्डपायी टाचणीने रीसेट दाबून सगळं घालवून बसलेले मी खूप पाहिले आहेत. रीसेट केल्यावर ऑपरेटरने आत भरलेली लाइनची माहितीसुद्धा जाते आणि नेट पूर्ण बंद पडतं. बंद-चालू करणं वेगळं आणि रीसेट वेगळं, एवढं घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

सुरक्षेच्या जागी डब्ल्यूपीए २ निवडा, किंवा डब्ल्यूपीए २ आणि ३ असा मिश्र पर्याय असेल तर तो. नुसतं ३ ठेवलं तर जुना प्रिंटर आत येणार नाही.

वायफायचं नाव मराठीत ठेवलं तर चालतं का?

मला स्वतःला फार आवडतं, आणि मोबाइलवर ते छान दिसतंही. पण दोन अडचणी आहेत. नावाला एकूण ३२ बाइटची जागा असते आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रा-अनुस्वार वेगळे मोजून. ‘पाटीलवाडा’ २७ बाइटमध्ये बसतं, ‘देशमुखांचं घर’ ३७ होतात म्हणून बसत नाही. दुसरं म्हणजे प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर मराठी नावाच्या जागी चौकोन उमटतात आणि काही प्रिंटर जोडलेच जात नाहीत. म्हणून ५ गिगाहर्ट्झच्या पट्टीला मराठी नाव द्या आणि प्रिंटर असतो त्या २.४ ला साधं इंग्रजी. पासवर्डसुद्धा लांब ठेवा पण अक्षरं आणि आकडे एवढेच घ्या. दोन बटणांच्या प्रिंटरवर एकेक चिन्ह पुढे सरकवत पासवर्ड भरायचा म्हणजे काय, हे भरणाऱ्यालाच माहीत!

वरच्या मजल्यावर रेंज येत नाही. एक्स्टेंडर घेऊ का?

शक्य असेल तर घेऊ नका. साधा एक्स्टेंडर खालून नेट ऐकतो आणि तेच वर पुन्हा बोलतो. एकाच पट्टीवर दोन्ही कामं करणारा असेल तर वेग निम्म्यावर येतो. स्लॅबच्या पलीकडे सिग्नलच पोचत नसेल तर तो बिचारा पुढे तरी काय देणार?

माझं ऐकाल तर वायर टाका. कॅट ६ ची (नेटची तांब्याची) वायर खालच्या राउटरच्या लॅन पोर्टमधून, म्हणजे घरातली यंत्रं वायरने जोडायच्या खाचेतून, वर न्या आणि वर एक ॲक्सेस पॉइंट, म्हणजे फक्त वायफाय पसरवणारा बॉक्स, लावा. मेश, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या वायफाय युनिटांचा संच, घेणार असाल तरी त्याची दोन युनिटं वायरने जोडा. वायरीची लांबी १०० मीटरपर्यंत चालते, घरात तेवढी लागतच नाही. आतली तार शुद्ध तांब्याची आहे ना ते विचारा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त पडते, पण टोकं पुन्हापुन्हा बसवावी लागतात. आणि ही वायर लाइटच्या २३० व्होल्टच्या वायरीच्या पाइपातून कधीही ओढू नका.

टोक बसवताना आठ तारा या क्रमाने लावायच्या: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. क्लिप खाली आणि तारांची टोकं आपल्यापासून लांब धरली तर डावीकडून हा क्रम येतो. वरचं साल अर्धा इंच सोलायचं, तारा चिमटीत धरून सरळ करायच्या, एका रेषेत कापायच्या आणि प्लगच्या पुढच्या टोकाला आठही तांबडे ठिपके दिसेपर्यंत आत सारायच्या. मगच पक्कड दाबायची. एखादी तार मागे राहिली तरी बहुतेकदा दिवा लागतो, नेट चालतं, पण वेग १०० एमबीपीएसवर अडकतो आणि आपण वर्षभर ऑपरेटरला बोल लावत राहतो. नवीन बांधकाम चालू असेल तर प्लॅस्टरच्या आधी प्रत्येक खोलीत एक रिकामा पाइप टाकून ठेवा. त्याचा खर्च आज काहीच नाही.

नवा राउटर लावला तेव्हापासून लॅपटॉपला प्रिंटर दिसत नाही. का?

माझ्या बहिणीच्या घरी नेमकं हेच झालं होतं आणि माझा अख्खा रविवार त्यात गेला होता. ऑपरेटरच्या बॉक्सला तिने दुसरा राउटर जोडला. वायर घातली निळ्या, वॅन लिहिलेल्या पोर्टमध्ये, म्हणजे डब्यावर दाखवली होती तशीच. नेट उत्तम चाललं. पण आता घरात दोन वेगळी जाळी झाली: प्रिंटर जुन्या बॉक्सच्या वायफायवर, लॅपटॉप नव्याच्या. दोघांमध्ये नवा राउटर दाराशी बसलेल्या राखणदारासारखा. लॅपटॉपवर नेट दिसतंय म्हणून आम्ही दोघं प्रिंटरलाच दोष देत होतो. त्याचा ड्रायव्हर (लॅपटॉपला प्रिंटरशी बोलायला लावणारं सॉफ्टवेअर) मी तीनदा काढून टाकला आणि पुन्हा घातला.

उपाय सोपा आहे. नव्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असतो, तो निवडा. मग पत्ते वाटायचं काम एकटा जुना बॉक्स करतो, नवा फक्त वायफाय पसरवतो आणि सगळे एका जाळ्यात येतात. मोड नसेल तर नव्याचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा, त्याचं डीएचसीपी (पत्ते वाटायची सोय) बंद करा आणि वायर वॅनऐवजी लॅन पोर्टमध्ये घाला. क्रम हाच ठेवा. डीएचसीपी आधी बंद केलंत तर पत्ता बदलायला त्याच पानावर परत शिरणं अवघड होतं. इथे जुन्या बॉक्सचा पत्ता १९२.१६८.१.१ धरला आहे. तुमचा ०.१ असेल तर नव्याला ०.२ द्या.

प्रिंटर वायफायला पहिल्यांदा कसा जोडायचा?

पहिल्या दिवशी तो राउटरच्या जवळ आणा, नंतर जागेवर न्या. कंपनीचं ॲप मोबाइलवर घ्या, मोबाइल २.४ च्या नावाला जोडा, ब्लूटूथ आणि लोकेशन चालू ठेवा, ॲप सांगेल तसं करा. पडदा नसलेल्या प्रिंटरला वायफायचं बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं, दिवा लुकलुकायला लागला की तो ऐकायला तयार. राउटरवर डब्ल्यूपीएसचं (पासवर्ड न भरता जोडायचं) बटण असेल तर दोन मिनिटांच्या आत दोन्ही बटणं दाबूनही काम होतं. डब्ल्यूपीएसचा आठ आकडी पिन मात्र सेटिंगमधून बंद करा. तो थोड्या वेळात शोधून काढता येतो हे २०११ सालीच दाखवून झालंय.

प्रिंटर दोन-चार दिवस चालतो आणि मग ‘ऑफलाइन’ दाखवतो. समोर तर चालू दिसतो! काय करू?

सगळ्यात जास्त फोन मला याचे येतात, म्हणून जरा सावकाश सांगतो.

राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता देतो, उदाहरणार्थ प्रिंटरला १९२.१६८.१.५. हा पत्ता कायमचा नसतो, मुदतीचा असतो. लाइट गेली, राउटर पुन्हा उठला, तेवढ्यात काकूंच्या मोबाइलने आधी हात वर केला आणि ५ नंबर त्यांना मिळाला. प्रिंटर आता ९ नंबरवर आहे. लॅपटॉप मात्र अजून ५ नंबरच्या दारावर थाप मारतोय, तिथून कुणी ‘मी प्रिंटर’ म्हणत नाही, म्हणून लॅपटॉप ‘ऑफलाइन’ लिहितो. लोक मग प्रिंटर काढून परत टाकतात, आठवडाभर चालतं, पुन्हा तेच.

पत्ता एकदाचा बांधून टाका. प्रिंटरच्या मेनूतून किंवा बटण दाबून नेटवर्कच्या माहितीचं पान छापा. त्यावर आयपी ॲड्रेस आणि मॅक ॲड्रेस असे दोन असतात. मॅक म्हणजे दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या, तो त्या यंत्राचा जन्मजात नंबर. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपीच्या पानावर ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’, ‘स्टॅटिक लीज’ किंवा ‘आयपी-मॅक बाइंडिंग’ असं काहीतरी सापडेल. तिथे तो मॅक भरा आणि त्याच्यासमोर १९२.१६८.१.२०० असा लक्षात राहील असा पत्ता द्या. राउटरने नाकारला तर तो वाटतो त्या पत्त्यांच्या हद्दीतला एखादा घ्या. प्रिंटर बंद-चालू करा, पान पुन्हा छापा, २०० दिसायला हवा. ते पान प्रिंटरच्या झाकणाच्या आत चिकटवून ठेवा.

आता विंडोजमधला जुना प्रिंटर काढून टाका आणि नवा जोडताना ‘ॲड मॅन्युअली’ निवडून ‘टीसीपी-आयपी ॲड्रेस’ने जोडा. विंडोज आपणहून शोधतं तेव्हा बऱ्याचदा डब्ल्यूएसडी नावाचा पोर्ट बनवतं, आणि माझ्या अनुभवात घरातल्या वायफायवर तोच सगळ्यात जास्त दगा देतो. एवढं करूनही ‘ऑफलाइन’ आलं, तर प्रिंटर प्रॉपर्टीज, पोर्ट्स, कॉन्फिगर पोर्ट असं जा आणि ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ची खूण काढा. काही प्रिंटर त्या चौकशीला उत्तर देत नाहीत आणि विंडोज त्यांना मेलेला समजतं.

आमचा प्रिंटर जुना आहे, फक्त यूएसबीचा. तो सगळ्यांना वापरता येईल का?

येईल, पण कशाला जोडता यावर सगळं आहे. राउटरला यूएसबी पोर्ट असेल तर तो प्रिंटर घेतो का ते आधी बघा, कारण बरेच पोर्ट फक्त पेनड्राइव्हसाठी असतात. घेत असला तरी स्कॅनर चालेलच असं नाही, आणि ज्या स्वस्त प्रिंटरांचं बरंचसं काम संगणकच करतो ते तिथे रुसतात.

घरात एक संगणक दिवसभर चालू असेल तर प्रिंटर त्याला जोडून विंडोजमधून शेअर करा. नेटवर्क ‘प्रायव्हेट’ असायला हवं, ‘पब्लिक’ असेल तर बाकीच्यांना काही दिसणार नाही. सप्टेंबर २०२१ च्या सुरक्षा अपडेटनंतर अशा शेअर केलेल्या प्रिंटरांवर ‘११बी’ने संपणारी एरर पुष्कळ जणांना आली. तिच्यावर रजिस्ट्रीत बदल करून सुरक्षा सैल करायचा उपाय सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत. तो करू नका, दोन्ही संगणक पूर्ण अपडेट करून पुन्हा जोडा.

धडपड करायची आवड असलेला मुलगा-मुलगी घरात असेल तर रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक किंवा माळ्यावरचा जुना लॅपटॉप घेऊन त्यावर लिनक्स आणि कप्स हे छपाई सांभाळणारं सॉफ्टवेअर टाकू द्या. लिनक्समध्ये ड्रायव्हर असला की तो यूएसबी प्रिंटर सगळ्या घराला वायफाय प्रिंटरसारखा दिसायला लागतो. तीन वर्षांपूर्वी मी एका शाळेत जाणाऱ्या मुलाकडून हे करून घेतलं, अजून चालू आहे.

मोबाइलवरून सातबारा, हॉलतिकीट थेट छापता येईल का?

हो. आयफोनमध्ये एअरप्रिंट २०१० पासून आहे आणि अँड्रॉइडमध्येही छपाईची सोय आत असते, नसेल तर मोप्रिया किंवा कंपनीचं ॲप घ्या. अट एकच, की मोबाइल त्याच वायफायवर हवा. मोबाइल डेटावर असताना प्रिंटर शोधणारे रोज भेटतात. जुन्या लेखांत गुगल क्लाउड प्रिंट वापरा असं लिहिलेलं दिसेल, ती सेवा २०२० च्या अखेरीस बंद झाली.

दुसऱ्या लॅपटॉपवरून छापलं की मराठी अक्षरांची खिचडी होते.

यात नेटवर्कचा दोष नाही. मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल आणि तो फॉन्ट दुसऱ्या लॅपटॉपवर नसेल, तर अर्जाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि खुणांचा ढीग छापून येतो. ज्या लॅपटॉपवर लिहिलं तिथेच पीडीएफ करा आणि मग कुठूनही छापा. युनिकोडमध्ये लिहूनही जोडाक्षरं तुटत असतील किंवा वेलांट्या भलतीकडे जात असतील, तर पीडीएफ छापताना ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘प्रिंट ॲज इमेज’ची खूण करा. जरा सावकाश छापतं, पण रफार जिथल्या तिथे राहतो. नवीन मजकूर युनिकोडमध्येच लिहा, ही माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे.

पाहुणे, भाडेकरू, शेजारी यांना पासवर्ड द्यावा का?

राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क असतं, ते चालू करून त्याचा पासवर्ड द्या. त्यावरून नेट मिळतं पण तुमचा प्रिंटर आणि लॅपटॉप दिसत नाही. घरातल्याच कुणाला प्रिंटर सापडत नसेल तर ते चुकून गेस्टवर नाहीत ना, हे बघा. शेजाऱ्यांना कायमचं नेट देऊ नका. कनेक्शन तुमच्या नावावर आहे आणि त्यावरून काही गैर झालं तर पहिला प्रश्न तुम्हाला विचारला जाईल.

लहान मुलं असतील तर राउटरच्या डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सोय) १.१.१.३ आणि १.०.०.३ हे पत्ते भरा. क्लाउडफ्लेअरची ही फुकट सेवा अश्लील आणि घातक साइट बऱ्याच अंशी अडवते. मुलांशी बोलणं त्याने वाचत नाही.

१०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, डाउनलोड १२ च दाखवतं. फसवणूक आहे का?

नाही. प्लॅन मेगाबिटमध्ये मोजतात, डाउनलोड मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे १०० चे साडेबारा. वेग तपासायचा तर लॅपटॉप वायरने जोडून तपासा.

लाइट गेल्यावर नेट चालू ठेवायचं तर?

राउटरसाठी मिनी यूपीएस मिळतो. ॲडाप्टरवर १२ व्होल्ट लिहिलंय की ९ ते वाचा आणि तोच व्होल्ट देणारा घ्या, अँपिअर तेवढे किंवा जास्त. ओएनटी आणि राउटर वेगळे असतील तर दोन्हींना वीज लागेल. लेझर प्रिंटर मात्र घरच्या इन्व्हर्टरवर लावू नका. टोनरची पूड कागदावर वितळवून बसवणारा त्याचा रूळ तापताना एकदम शेकडो वॅट ओढतो.

वळवाचा पाऊस सुरू झाला, आकाश कडकडायला लागलं, की राउटरचा प्लग आणि गच्चीवरून येणारी लॅनची वायर दोन्ही काढा. काचेतून वीज येत नाही, तांब्यातून येते. एप्रिल-मे महिन्यात माझ्याकडे जळालेले लॅन पोर्ट ओळीने येतात.

आई-बाबा गावी आहेत, मी पुण्याला किंवा परदेशात. लांबून त्यांचं नेट कसं सांभाळू?

राउटरचं ‘रिमोट मॅनेजमेंट’ उघडून ठेवू नका, तो सगळ्या जगासाठी उघडा दरवाजा होतो. फोनवर कुणी अनोळखी ‘मी कंपनीतून बोलतोय, हे ॲप टाका आणि स्क्रीन दाखवा’ म्हणालं तर फोन ठेवायचा, हे त्यांना पुन्हापुन्हा सांगा. पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा तासभर काढा. राउटरचा पुढून आणि मागून फोटो काढा, प्रत्येक वायरीला कागदाची पट्टी चिकटवून ती कुठून कुठे जाते ते लिहा. पांढऱ्या कार्डावर ठळक मराठीत दिव्यांची नावं आणि रंग लिहून ते राउटरशेजारी भिंतीला लावा, खाली ऑपरेटरचा नंबर.

वाईजवळच्या एका गावात दुबईला असलेल्या मुलाच्या सांगण्यावरून मी असं कार्ड लावून आलो होतो. मागच्या पावसाळ्यात त्या घरातल्या आजींचा मला फोन आला. वय सत्तरीच्या पुढे. म्हणाल्या, “पॉवर हिरवा आहे, पॉन बंद आहे, लॉस लाल आहे. जिन्याखाली बॅटरी मारून बघितलं, वायर उंदरानं कुरतडलीय. ऑपरेटरला सांगितलंय, तो चारला येतोय. तुम्हाला फक्त एवढंच विचारायचं होतं, नवी वायर पाइपातून घ्यायला सांगू ना?”